उपासाच्या दिवशीची गोळी

महालक्ष्मी टीचरच्या हाताखालून किती पोरंपोरी टायपिंग शिकून गेली याची मोजदाद खुद्द तिलाही नव्हती. मद्रासला वेलचेरीत तळ्यामागच्या गल्लीत तिचं दुमजली घर होतं. खालच्या पुढच्या खोलीत आठ टाइपरायटर, भिंतीवर तमिळ आणि इंग्रजी अक्षरांचे तक्ते आणि दारावर ‘श्री भवानी टायपिंग इन्स्टिट्यूट’ अशी पाटी. सकाळी सहाला पहिली बॅच बसायची आणि निम्मी गल्ली त्या टकटकीनंच जागी व्हायची. त्यावर कुणी कुरकुर केल्याचं मात्र ऐकिवात नाही, कारण ज्या घरातलं एकही माणूस तिथं शिकलेलं नाही असं घर त्या गल्लीत सापडलं नसतं.

बाई तंजावरकडची मराठी. म्हणजे कधीकाळी कुणी पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेत उतरला आणि तिकडचाच झाला, त्याची ही लेकरं. घरात मराठी, दारात तमिळ, मशीनवर इंग्रजी. तिची मराठी ऐकली की पुण्यासाताऱ्याच्या माणसाला आधी हसू यायचं आणि मग जरा लाजल्यासारखं व्हायचं. ‘मज ठाऊक नाही’, ‘तुज काय हवें’ असं ती दूध नासल्याचं सांगतानासुद्धा म्हणायची, आणि वाक्याच्या शेवटी तमिळ हेल काढायची. वय चौपन्न, अंगानं काटक, आवाज खणखणीत. कुणाचं बोट चुकीच्या अक्षरावर पडलं तर पाठमोरी उभी असतानाही तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. नवरा एकोजीराव बँकेतून निवृत्त होऊन पेपर आणि पंचांग यांच्यात सुखानं रमलेला. एकुलती एक मुलगी भव्या पंचवीस वर्षांची, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, आणि लग्नाची.

आता ज्या बाईचं सगळं पोटपाणी बोटांवर, तिच्या बोटांनाच दुखणं लागावं, याला काय म्हणायचं? पण लागलं. दोन हजार पाचच्या डिसेंबरात एका सकाळी तिला मूठ वळेना. थंडी असेल म्हणून तिनं तीळतेल चोळलं. थंडी कसली, मद्रासला काय थंडी पडते! महिन्याभरात दोन्ही हातांची मधली पेरं सुजली, लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना, आणि बोटांनी जोर लावावा लागणारी जुनी मशीनं तिला वैऱ्यासारखी वाटू लागली.

तिला ते काय आहे हे कुणी सांगायला नको होतं. तिच्या आईची बोटं चाळिशीतच वाकडी झाली होती. महालक्ष्मीला बघायला पाहुणे आले तेव्हा आई तासभर हात पदराखाली धरून बसली, आणि लग्नानंतर सासूला ते समजलं तेव्हा ‘आमच्यापासून लपवलंत’ हे वाक्य सासूनं पुढची वीस वर्षं पुरवून पुरवून वापरलं. महालक्ष्मीनं ते सगळं गिळलं होतं. आता भव्याची पत्रिका चार घरी फिरत होती. मुलीच्या आजीचे हात असे, आईचे हात असे, एवढं एकदा बिरादरीत पसरलं की संपलंच. ही भीती तिच्या मनात इतकी घट्ट बसली होती की तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही, मुलीलाही नाही. हट्टी बाई! परीक्षेचे फॉर्म भरायचे आहेत असं सांगून ती मंगळवारी बस पकडायची आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, अण्णा नगरला जायची. ओळखीचं माणूस भेटू नये म्हणून एवढी पायपीट.

तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात कामाक्षी नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी रक्त तपासलं, फोटो काढले आणि सांगितलं की हा आमवात आहे, बायकांना पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतो, मुळापासून जात नाही पण वेळेवर औषध चाललं तर हात शाबूत राहतात. औषध दिलं मेथोट्रेक्सेट. लहानशी पिवळी गोळी, आठवड्यातून एकदाच घ्यायची, एका वेळी तीन. बाकीच्या दिवशी फॉलिक ॲसिडची एक. बाहेर साठ बायका बसलेल्या, आणि आठवड्याची गोळी लोक विसरतात हा डॉक्टरांचा रोजचा अनुभव. म्हणून त्यांनी मोठ्या मायेनं विचारलं, की तुम्ही एखाद्या वारी उपास करता का? महालक्ष्मी म्हणाली, शनिवारी, एकभुक्त असते. तर मग झालं, डॉक्टर म्हणाल्या. उपासाच्या दिवशी या तीन, जेवणाच्या दिवशी ती एक. विसरायचा प्रश्नच नाही.

आणि खरंच नाही विसरली ती. कशी विसरेल? उपास कधी विसरली होती का! टाइपरायटरच्या रिबिनीचा एक रिकामा पत्र्याचा डबा तिनं गोळ्यांसाठी घेतला आणि तो रिबिनींच्या कपाटात इतर डब्यांत ठेवून दिला. डॉक्टरांची फाइल जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली गेली. दर शनिवारी संध्याकाळी दिवा लावला की ती तीन गोळ्या गिळायची. चार महिन्यांत गुण दिसला. ऑगस्टात एके दिवशी सकाळी मूठ पूर्ण वळली, आणि ती स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून चारपाचदा मूठ मिटत-उघडत राहिली. इतकी खुशीत होती की त्या दिवशी एका मुलाला नऊ चुका माफ केल्या.

तिच्या डोक्यात मात्र त्या औषधाची एक वेगळीच समजूत हळूहळू पक्की झाली होती. डॉक्टरांनी ‘शनिवार’ म्हटलंच नव्हतं, ‘उपास’ म्हटलं होतं. म्हणजे ही गोळी रित्या, हलक्या पोटाची असणार आणि ती दुसरी भरल्या पोटाची. औषधाला पथ्य असतंच, हे त्याचं पथ्य. फाइलीत कोपऱ्यात ‘आठवड्यातून एकदा’ असं इंग्रजीत लिहिलेलं होतं, आणि इंग्रजी तर ती दुसऱ्यांना शिकवायची. पण पाठ झालेला धडा कोण पुन्हा उघडून बघतो? एकादश्या घरात एकोजीरावांकडे होत्या, तिच्याकडे फक्त शनिवार. त्यामुळे उपास आणि शनिवार यांची फारकत होण्याची वेळ तोवर आलीच नाही.

ती वेळ नवरात्रात आली. दोन हजार सहाचं नवरात्र, घट बसले ते नेमके शनिवारी.

महालक्ष्मीच्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे कुलदेवी भवानी. नऊ दिवस ती दूध आणि फळांवर राहायची. टायपिंगची खोली तेवढे दिवस बंद, मशीनं भिंतीला सरकवून त्यांवर चादरी, आणि मधोमध नऊ पायऱ्यांचा बाहुल्यांचा कोलू. संध्याकाळी बायका यायच्या, कोलू बघायच्या, हळदकुंकू आणि सुंडल, म्हणजे खोबरं घालून परतलेले हरभरे, घेऊन जायच्या. पहिल्या दिवशी दिवा लावून तिनं तीन गोळ्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी रविवार, पण उपास होताच. तीन घेतल्या. सोमवारीही. मंगळवारी डबा रिकामा झाला तेव्हा तिनं जुन्या चिठ्ठीवर कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून आणखी दोन पट्ट्या आणल्या. दुकानदारानं चिठ्ठीकडे बघितलंसुद्धा नाही, पट्ट्या कागदात गुंडाळून दिल्या. तिला तर उलट बरंच वाटत होतं, की नऊ दिवसांत बोटं अगदी मोकळी होतील.

इथं कल्पनाची ओळख करून द्यायला हवी. वरच्या मजल्यावर गेल्या वर्षापासून एक साताऱ्याचं जोडपं भाड्यानं राहत होतं. महेश गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि त्याची बायको कल्पना औषधशास्त्र शिकलेली. तिची नोकरी ऐकून एकोजीरावांना पहिल्यांदा विश्वासच बसला नव्हता. परदेशातल्या माणसांना कुठल्या औषधाचा काय त्रास झाला याचे कागद तिच्या कंपनीत यायचे आणि ते वाचून, तपासून ती दिवसभर संगणकात भरायची. दिवसाला ठरावीक कागद संपवावे लागायचे, बोटं चालायची नाहीत, म्हणून ती खाली येऊन टायपिंग शिकली. टीचरनं तिला चांगली दटावून दटावून शिकवलं. त्यातून दोघींचं जमलं. कल्पना तिला काकू म्हणायची आणि काकूचं ‘तुज काय हवें’ ऐकायला मुद्दाम काहीतरी मागायला खाली यायची.

बुधवारी महालक्ष्मीच्या जिभेच्या कडेला फोड आला. गुरुवारी तोंडभर झाले. मद्रासला तोंड आलं की कुणी विचार करत नाही, उष्णता झाली म्हणतात आणि मोकळे होतात. भव्यानं बी-कॉम्प्लेक्स आणलं, एकोजीरावांनी शहाळी आणली, शेजारणीनं मणत्तक्काळीचा पाला ताकात घालून पाठवला. दोष सगळा उपासाला. शुक्रवारी सकाळी दूधसुद्धा गिळवेना, दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं, आणि दुपारी अंगात कणकण भरली. ती आडवी झाली नाही. आडवी कशी होणार, संध्याकाळी अलकनंदाबाई यायच्या होत्या.

या अलकनंदाबाई म्हणजे तंजावरकडच्याच एका चांगल्या घरातल्या विधवा बाई. मुलगा विश्वजित एन्नोरच्या वीजकेंद्रात इंजिनिअर. पत्रिका जुळली होती, मुलंमुलं एकदा कॉफी पिऊन आली होती आणि दोघांनाही पसंत होतं. कोलूच्या निमित्तानं मायलेक घर बघून जाणार, आणि मनासारखं झालं तर दसऱ्याला सुपारी. पाच वर्षं महालक्ष्मी या दिवसाची वाट बघत होती.

कल्पना त्या दिवशी लवकर घरी आली आणि सुंडल परतायला खाली उतरली. काकूकडे बघून ती चपापली. चेहरा पांढराफटक, ओठांवर कोरडी रक्ताची रेघ, आणि बांगड्यांच्या वर हाताला निळे डाग. मार लागला का, तिनं विचारलं. नाही. कसली औषधं चालू आहेत का? नाही गं, उष्णता आहे. कल्पनानं कढईत मोहरी टाकून पुन्हा तेच विचारलं, आणि महालक्ष्मीनं पुन्हा तेच सांगितलं. जेवढ्या सहजपणे सांगितलं तेवढी तिला स्वतःचीच शरम वाटली.

सहा वाजले. दिवा लागला. पाहुणे यायला अर्धा तास होता. महालक्ष्मी रिबिनींच्या कपाटाकडे गेली, डब्यातून तीन गोळ्या तळहातावर घेतल्या आणि पाण्याचा पेला उचलला. मागे कल्पना सुंडलची वाटी घेऊन उभी होती, मीठ पुरेसं आहे का विचारायला. नैवेद्याआधी चाखायचं नसतं हे ती विसरली होती. गोळ्या बघून ती मिठाचं विचारायचंही विसरली. तिनं वाटी खाली ठेवली आणि काकूचं मनगट धरलं.

पट्टीवरचं नाव तिनं वाचलं. कशासाठी हे तिला ठाऊक होतं, तिनं फक्त विचारलं की कधी कधी घेता. उपासाच्या दिवशी, महालक्ष्मी म्हणाली. आणि उपास कधीपासून आहे? घट बसल्यापासून. कल्पनानं मनातल्या मनात मोजलं, सहा दिवस झाले होते. नेमका असाच एक कागद तिनं सहा महिन्यांपूर्वी संगणकात भरला होता. कुठल्याशा गावची एक बाई, एकसष्ट वर्षांची, आठवड्याची गोळी रोज घेतलेली. त्या कागदाच्या शेवटच्या रकान्यात काय लिहिलं होतं ते तिनं काकूला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की ही गोळी रोज घेतली तर रक्त तयार होणंच थांबतं, तोंडातले फोड हे नुसतं वर दिसणारं आहे, आत पोटातही तसंच चालू असणार, यावर उतारा आहे पण तो लवकर दिला तरच उपयोगी. आत्ता निघायचं.

महालक्ष्मी घाबरली. खरोखर घाबरली. पण तिच्या तोंडून निघालं ते असं, की पाहुणे आठला जातील, त्यानंतर निघू. भव्यासमोर आणि यांच्यासमोर बोलू नकोस. दोन तासांनी काय होतंय?

कल्पना म्हणाली, “काकू, काय होतंय ते मला माहीत आहे म्हणून तर सांगते. तुमची शपथ, मी आठपर्यंत थांबणार नाही. पण सांगायचं तुम्हीच.”

तेवढ्यात फाटक वाजलं.

अलकनंदाबाई आल्या, कोलूला नमस्कार करून सतरंजीवर बसल्या. विश्वजित खुर्चीत अंग चोरून बसला. एकोजीराव खुशीत होते. त्यांनी बाहुल्यांची वंशावळ सांगायला घेतली, ही राजाराणीची जोडी कुणी आणली, तो वाणी आणि वाणीण किती जुने. भव्या हळदकुंकवाचं तबक घेऊन आली. महालक्ष्मी कोलूच्या कडेला भिंतीचा आधार घेऊन उभी होती, आणि कल्पना स्वयंपाकघराच्या दारात. कल्पनाची नजर तिच्यावरून हलत नव्हती. घामानं महालक्ष्मीचं पोलकं भिजलं होतं आणि समोरच्या पणत्या मधूनच दोन दोन दिसत होत्या.

अलकनंदाबाईंचं लक्ष गेलंच. बाई साध्या होत्या, मनात आलं ते विचारलं, की तुमची तब्येत बरी दिसत नाही. आणि महालक्ष्मीनं तोंड उघडायच्या आत एकोजीराव मोठ्या अभिमानानं बोलून गेले.

“नऊ दिवसांचा उपास आहे ना, म्हणून. नाहीतर तीस वर्षांत ही एकदा आजारी पडली नाही. आमच्या घरात औषधाची गोळी मिळायची नाही तुम्हाला.”

बिचारे! ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि तसं वाटावं यासाठी त्यांच्या बायकोनं किती मंगळवार खर्ची घातले होते. हेच वाक्य तिला या घडीला कुणीतरी बोलायला हवं होतं, पाहुण्यांसमोर, याच खोलीत. ते ऐकलं आणि तिला पहिल्यांदाच लख्ख कळलं की आपण आत्ता इथं कोसळलो आणि डॉक्टरांनी विचारलं, तर हा माणूस तिथंही हेच सांगेल. शपथेवर सांगेल. आणि आपण त्यानं मरू.

“मी गोळ्या घेते,” ती म्हणाली. जीभ सुजली होती, शब्द जड निघाले, पण आवाज टीचरचाच होता. “हाताचं दुखणं आहे, आईला होतें तेच. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली. मज हॉस्पिटलांत न्या.”

एकोजीराव तिच्याकडे असे बघत राहिले, जणू शेजारच्या घरातली बाई चुकून इथं आली आहे. भव्याच्या हातातलं तबक कल्पनानं काढून घेतलं. पहिला उठला तो विश्वजित. गाडी फाटकातच आहे, तो म्हणाला, आणि चपला शोधायला लागला.

मग सगळ्यांना एकदम आठवलं की घर सोडून जाता येत नाही. नवरात्राचा अखंड दिवा, त्यात तेल घालायला घरात माणूस हवं, आणि हळदकुंकवाला बायका येतच राहणार. ‘तुम्ही जा, दिवा मी बघते’ असं म्हणून अलकनंदाबाईंनी पदर खोचला. त्या बाईनं त्या रात्री अनोळखी घरात दोन वेळा तेल घातलं, आलेल्या अकरा बायकांना हळदकुंकू लावलं, सुंडल वाढलं, आणि घरची बाई कुठं म्हणून विचारलं तर जरा बाहेर गेली आहे एवढंच सांगितलं. पुढं काय झालं ते बाजूला ठेवून मी म्हणेन की माणूस म्हणून ती बाई मोठी.

कल्पनानं गाडीतूनच अण्णा नगरला फोन लावला. कामाक्षी डॉक्टर घरी निघाल्या होत्या, त्या थांबल्या. महालक्ष्मी पोचली तेव्हा उताऱ्याचं इंजेक्शन तयार होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी हजाराच्या आत आल्या होत्या. आणखी दोन दिवस तेच चाललं असतं तर माझ्या हातात काही राहिलं नसतं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्यांनी आणखीही एक सांगितलं, आणि ते सांगायला डॉक्टर माणसाला जड जातं. पलंगाशी उभं राहून त्या म्हणाल्या की चूक माझीही आहे, मी वार सांगायला हवा होता आणि तुमच्याकडून परत म्हणवून घ्यायला हवा होता. तुमच्याकडे सलग नऊ दिवस उपास असतो हे मला ठाऊक होतं, पण त्या घडीला डोक्यात आलं नाही.

दसरा हॉस्पिटलातच गेला. घरी आयुधपूजेला एकोजीरावांनी आठही मशीनांना चंदन लावलं. ते रोज बसनं यायचे, खुर्चीत बसून पंचांग उघडायचे. राग होता, आणि रागापेक्षा दुखावलेपण जास्त. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, की मी काय केलं असतं असं तुला वाटलं? महालक्ष्मीला रडू आलं. तुमची भीती नव्हती, मज आपलीच होती, ती म्हणाली. त्यांनी पंचांगातून वर न बघता ठरवून टाकलं की यापुढे औषधाचं माझ्याकडे. वार बघण्यात माझा हात कोण धरणार!

सातव्या दिवशी अलकनंदाबाई भेटायला आल्या. पेशी वर यायला लागल्या होत्या, तोंड बरं होत होतं, महालक्ष्मी मऊ भात खात होती. अलकनंदाबाईंनी सफरचंदं ठेवली, ख्यालीखुशाली झाली, आणि मग त्यांनी हात जोडून विचारलं. मला वाईट समजू नका, पण आई म्हणून विचारते. हे मुलीत उतरतं का?

महालक्ष्मीच्या तोंडी ‘नाही’ तयार होतं. बरीच वर्षं तयार होतं. तिनं ते मागे सारलं आणि डॉक्टरांकडून ऐकलेलं खरं ते सांगितलं, की उतरेलच असं नाही, पुष्कळ जणींना होत नाही. माझ्या आईला होतें, मज झालें, भव्याचं मज ठाऊक नाही.

भव्या खिडकीशी उभी होती. ती वळली.

“मला ठाऊक आहे, अम्मा,” ती म्हणाली. “आठ महिने झाले.”

आठ महिने. सकाळी दोघी मायलेकी स्वयंपाकघरात समोरासमोर बसायच्या, कॉफीचे गरम टंबलर दोन्ही हातांत घट्ट धरून. बोटं सैल होईपर्यंत कुणीच उठायचं नाही. आईला वाटायचं पोरगी झोपेत आहे, पोरीला वाटायचं आई कॉफी चवीनं पिते आहे. दोघींनीही एकाच लग्नासाठी एकमेकींपासून लपवून ठेवलं होतं. ऑफिसात कुणी दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या भव्या पाण्यासारख्या खात होती, आणि पोट जळायला लागलं की वर ॲसिडिटीची गोळी. ते ऐकताना महालक्ष्मीला स्वतःच्या आजारापेक्षा जास्त यातना झाल्या. हे लपवणं आपणच हिला शिकवलं, एक शब्द न बोलता शिकवलं, हे तिला सहन होईना. अलकनंदाबाई थोडा वेळ बसल्या, भव्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. दिवाळीनंतर बोलू म्हणाल्या होत्या. दिवाळीनंतर त्यांचा फोन आला नाही, आणि विश्वजितचाही नाही. भव्या एक रविवारभर दार लावून बसली. महालक्ष्मीनं तिला बसू दिलं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी अण्णा नगरच्या बसमध्ये त्या दोघी आणि एकोजीराव असे तिघे शेजारी शेजारी बसले. निघताना गल्लीतल्या शेजारणीनं कुठं म्हणून विचारलं, तर महालक्ष्मीनं चालता चालता सांगितलं, हाताच्या डॉक्टरकडे, माझा आणि हिचा हात दाखवायला. शेजारीण तोंडाला पदर लावून बघत राहिली. बघू दे.

डॉक्टरांनी महालक्ष्मीची गोळी पुन्हा सुरू केली, आधीपेक्षा कमी. चिठ्ठीवर ठळक अक्षरांत ‘शनिवार’ लिहिलं आणि तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. एकोजीरावांनी न विचारता चौथ्यांदा म्हटलं. मग डॉक्टरांनी भव्याला समोर बसवलं, एकेक पेर दाबून पाहिलं. तुला हे औषध देणार नाही, त्या म्हणाल्या, लग्न, मुलंबाळं व्हायची आहेत, पोटातल्या बाळाला हे चालत नाही. तुला दुसरं देऊ. दुखण्याच्या गोळ्या मात्र आजपासून बंद. त्यांनी नवी फाइल उघडली, नाव लिहिलं, वय लिहिलं, काय काय घेतेस ते एकेक करून विचारून लिहिलं. भव्यानं काही गाळलं नाही.

शेवटी त्यांनी पेन थांबवून विचारलं की या आजाराचं घरात कुणाला ठाऊक आहे.

“सगळ्यांना,” भव्या म्हणाली.